अकरा थेंब पिवळा

रंगाऱ्यानं माझ्या खोलीच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि बाजूला होऊन म्हणाला, "बघा आजी, कुठला घ्यायचा ते." एक पट्टा क्रीम, माझ्या पसंतीचा. दुसरा गडद, निळसर राखाडी, सूनबाईंच्या पसंतीचा. मी क्रीमकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "हा कुणी बनवला? पिवळा नुसता ओतलाय. भिंतीला कावीळ झालीय." सून दारात उभी होती. तेवढ्यात माझ्या डाव्या डोळ्याला पाणी सुटलं म्हणून मी त्यावर रुमाल दाबला. आणि उजव्या डोळ्याला, बारा दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढलेल्या नव्या डोळ्याला, भिंतीवर दुसराच क्रीम दिसला. कावीळ गेली होती. उरला होता आमच्या दुकानाचा क्रीम, जसाच्या तसा, लोण्यावर सकाळचं ऊन पडावं तसा. मी रुमाल काढला. कावीळ. रुमाल लावला. आमचा क्रीम. मग रुमाल बाजूला ठेवून नुसतीच एकेक पापणी मिटून बघायला लागले, डावी, उजवी, डावी, उजवी. रंगारी जरा मागे सरकला. "आजी," तो म्हणाला, "मला डोळा मारताय का?" म्हटलं, "मेल्या, आरशात बघ आधी." तो म्हणाला, "तसं नाही, घरी बायकोला सांगितलं असतं, अजून मागणी आहे म्हणून." सून हसली. मीही हसले असते, पण माझी नजर त्या पट्ट्यावरून हलेना.

काळा चष्मा आजच सकाळी उतरवला होता. बारा दिवस डोळ्यात थेंब, वर चष्मा, खिडकीला पडदा. त्या काळात घर कसंही दिसलं असतं तरी मी म्हटलं असतं, औषधाचा परिणाम. आज सकाळी दूध फार पांढरं वाटलं, निळं पडल्यासारखं, तर सुनेला म्हटलं पाणी घातलंय. तिनं पातेलं पुढे धरलं, "आई, तुमच्यासमोर पिशवी फोडली." मला वाटलं, बोलायला शिकली आहे. आता भिंतीसमोर उभी राहून मी हिशोब लावत होते की दूध पांढरं होतं तर मग कालपर्यंत मी काय पीत होते. गडद पट्ट्याकडे वळले. डाव्या डोळ्याला तो चिखल. गटार उपसून काठावर ठेवतात ना, तो. पंधरा दिवस मी सुनेला हेच ऐकवत होते की बाई, मला माझ्या खोलीत निजायचंय, मोरीत नाही. उजव्या डोळ्यानं बघितलं तर त्या चिखलात निळा होता. खोल, थंड, आत आत जाणारा. असा निळा मी किती वर्षांत बघितला नव्हता? मला आठवेना. निळा बघितला नाही हे माणसाच्या लक्षात कसं राहणार? भूक लागली नाही तर कळतं, झोप लागली नाही तर कळतं. निळा गेला तर कुणाला कळतं?

सुनेला म्हटलं, "हा क्रीम मशीनवर केला?" ती म्हणाली, "नाही, तुमच्यासाठी म्हणून ह्यांनी हातानं केला. तुमचाच जुना." म्हटलं, "फोन लाव त्याला." तिनं लावला, आवाज मोठा केला. दुकानात मागे डबे वाजत होते. मी विचारलं, "लिटरला पिवळा किती घातलास?" मुलगा म्हणाला, "अकरा, आई." म्हटलं, "अकरा का? आपले सात ना?" मला त्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी काच फोडली की घ्यायचा तसा. "गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला, "घरी आलो की बोलू." फोन बंद झाला आणि सून उगाच पडद्याची कडी सरळ करायला लागली. तिला कडीचं काही पडलेलं नव्हतं.

मी तीन इयत्ता शिकले. शेडकार्डावरची नावं मला धड वाचता येत नाहीत आणि वाचून दाखवली तर हसू येतं; ह्या क्रीमच्या जवळच्या रंगाचं नाव म्हणे 'पहाटेची चाहूल' आणि त्या गडदचं 'वादळाआधी'. रंगाला नाव कशाला लागतं? रंगाला थेंब लागतात. एक लिटर पांढऱ्यात अकरा थेंब पिवळा, दोन थेंब लाल, आणि काळ्यात काडीचं टोक बुडवून तेवढंच ढवळायचं, की झाला आमचा क्रीम. हे मालकांनी बसवलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पण डोळा माझा होता. ते स्वतःच म्हणायचे, हात माझे, डोळा हिचा. मी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायची, कारण ट्यूबलाइटखाली रंग बघणारा माणूस आंधळ्यापेक्षा वाईट. आंधळ्याला निदान आपण आंधळे असल्याचं माहीत असतं. पुठ्ठ्यावर बोटानं रंग ओढून, वाळवून माझ्याकडे आणायचे. ओला रंग खोटं बोलतो, वाळला की खरं सांगतो. मी एक नजर टाकायची. हो म्हटलं की झाकण लागायचं. नाही म्हटलं की परत. तिसऱ्या गल्लीतून, पुलापलीकडून लोक यायचे आणि पडद्याचा तुकडा, बशीचा फुटका काठ, एकानं तर मेलेल्या बापाच्या शर्टाचं बटण आणलं होतं, असा रंग द्या म्हणून. द्यायची. माझं घर, माझं दुकान, माझा शब्द, सगळं त्या नजरेवर उभं होतं. मालक गेल्यावर भाऊबंद आले, दुकान विकून टाका, बाईमाणूस काय चालवणार. मी त्यांच्यासमोर सहा डबे मांडले, सगळे पांढरे, आणि म्हटलं ह्यात कुठला वेगळा ते सांगा. त्यांना सांगता आलं नाही. मी सांगितलं. त्यानंतर चहा पिऊन गेले, परत आले नाहीत.

आणि थेंब्या. थेंब्या आमच्याकडे रंग कालवायचा, बावीस वर्षं. हे नाव मालकांनी ठेवलेलं, कारण हा थेंब मोजताना ओठ हलवायचा आणि मध्ये कुणी बोललं तर सगळा डबा बाजूला ठेवून नवा घ्यायचा. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या घरच्या भिंतीवरून बोट फिरवून म्हणाला होता, ह्यात लाल कमी आहे. सासऱ्यानं तरीही मुलगी दिली. मला वहिनी म्हणायचा. बोलायचा फार कमी, आणि बोलला की ते असं सरळ असायचं की ऐकणाऱ्याला लागायचं. चार वर्षांपूर्वी, नाही, त्याच्या आधीपासूनच, मला त्याचे पुठ्ठे पिवळे दिसायला लागले. मी म्हणायची, हात जड झालाय तुझा, एक थेंब कमी कर. तो करायचा. महिन्यानं परत तेच. दहाचे नऊ झाले, नवाचे आठ, आठाचे सात. सातवर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, हा क्रीम नाही राहिला. हा पांढऱ्याला ताप आलाय." मी म्हटलं, "मला शिकवतोस?" तो पुठ्ठा घेऊन आत गेला. मग ती दातांची डॉक्टरीण आली.

आता हे सगळं मी खोलीत उभी राहून आठवत होते असं नाही. मला उभं राहवतच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला. हॉलमध्ये गेले. सोफ्यावर बसले, उठले. कपाट उघडून माझेच कपडे एकेका डोळ्यानं बघितले आणि मला माझी आवडती राखाडी शाल जांभळी निघाली. जांभळी! पाच हिवाळे मी जांभळी शाल घेऊन फिरले आणि कुणी, एकानंही, म्हटलं नाही की बाई, ह्या वयात जांभळं काय घेतलंय. परत खोलीत आले. पट्टे तिथेच. रंगारी खिडकीत बसून बिस्किट खात होता. "ठरलं का आजी?" म्हटलं, "भिंत पळून चाललीय का?" परत बाहेर. डॉक्टरीण डोळ्यासमोरून हलेना. तिनं दवाखान्यासाठी आमच्याकडून क्रीम नेला होता, जुना, अकराचा. एक भिंत उरली होती, तिच्यासाठी वर्षभरानं नवा डबा नेला, सातचा. चार दिवसांनी ती दोन पुठ्ठे घेऊन दुकानात आली. दिवसभर दाताला दात जुळवणारी बाई, पांढऱ्यातले पन्नास पांढरे ओळखणारी. दोन्ही पुठ्ठे तिनं माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "हे तुम्हाला सारखे दिसतात?" मला वेगळे दिसत होते. पण मला जुना चुकीचा दिसत होता आणि नवा बरोबर. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, हमाल होता, मुलगा गल्ल्यावर. मी थेंब्याला हाक मारली. म्हटलं, "बावीस वर्षांत तुला थेंब मोजता आले नाहीत. डोळे फुटलेत की लक्ष दुसरीकडे आहे?" तो आला, पुठ्ठे उचलून दारात उजेडाला धरले, खाली ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, पहिला रंग बरोबर आहे. मी सांगितलं होतं. तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या."

एवढंच. चढ्या आवाजात नाही. डॉक्टरीणबाई पटकन मान हलवतील असं वाटलं, हलवली नाही, पण तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं. दातांच्या डॉक्टरणीनं दातांकडे बघावं. मी उठले. मी काय काय बोलले ते मला आठवतं, आठवत नाही असं म्हणायची सोय नाही. खाल्ल्या मिठापासून सुरुवात केली आणि त्याच्या बायकोपर्यंत गेले. शेवटी म्हटलं, ह्या दुकानाच्या पायरीवर परत दिसलास तर याद राख. त्यानं हात पुसले. बोटाच्या खाचांतला पिवळा पुसला जात नाही, तरी तो बराच वेळ पुसत होता. मग मुलाकडे बघितलं. मुलगा गल्ल्यात बघत होता. थेंब्या गेला. मी खुर्चीत बसले आणि डॉक्टरणीला म्हटलं, "तुमचा डबा मी स्वतः करून देते." केला. सात थेंबांचा. ती घेऊन गेली नाही.

सून चहा घेऊन आली आणि माझ्या समोर बसली. ती सहसा बसत नाही, ठेवून जाते. मी कप हातात घेऊन विचारलं, "सात थेंबांचा रंग किती वर्षं गेला आपल्याकडून?" ती म्हणाली, "एक." म्हटलं, "चार." ती म्हणाली, "एक, आई. मग मशीन आलं ना." थेंब स्वतःच मोजणारं ते मशीन आलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, आई, तुझे पाय दुखतात, आता खुर्चीत बसून फक्त बघत जा. मला बरं वाटलं होतं. तीन वर्षं मी खुर्चीत बसून बघत होते. प्रत्येक डब्याचा पुठ्ठा माझ्यासमोर यायचा, मी म्हणायची एक थेंब कमी कर, मुलगा म्हणायचा बरं, आणि डबा आत न्यायचा. "आत नेऊन काय करायचा?" मी विचारलं. सुनेनं कपाकडे बघितलं. "झाकण लावायचे." मी म्हटलं, "आणि थेंब?" ती म्हणाली, "घातलेला थेंब काढता येतो का, आई?" हे काही ती टोमणा म्हणून बोलली नाही. तिला खरंच वाटलं असावं की मला एवढं माहीत असेल. अर्थात मला माहीत होतं. घालता येतो, काढता येत नाही. बेचाळीस वर्षं दुकान चालवलं आणि तीन वर्षं माझ्या मनात एकदाही आलं नाही की 'कमी कर' म्हटल्यावर तो पोरगा आत जाऊन नेमकं काय करतोय.

म्हणजे कारण पाय नव्हतेच. म्हणजे मुलाला माहीत होतं. डॉक्टरीण पुठ्ठे घेऊन आली तेव्हाही, गल्ल्यात बघत होता तेव्हाही. सुनेला माहीत होतं. हमालाला माहीत असणार. पुलापलीकडची गिऱ्हाइकं, जी कधीपासून दिसत नाहीत आणि मी म्हणायची की लोकांना आता चांगल्या रंगाची किंमत राहिली नाही, त्यांनाही. मी म्हटलं, "बोलली का नाहीस?" तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. पुरे होतं. एका माणसानं बोलून बघितलं होतं आणि सगळ्यांनी त्याचं काय झालं ते बघितलं होतं. मला एकदम घर ऐकू यायला लागलं. किती शांत आहे हे घर. मी समजत होते की ही शांतता म्हणजे वळण आहे, माझी शिस्त आहे, शेजारणीच्या घरासारखी भांडी आपटत नाहीत आमच्याकडे. मला वाटलं, ह्या घरातली माणसं माझ्याशी जे बोलतात ते सगळं सात थेंबांचं असतं. मला जसं बघवतं तसं कालवून दिलेलं. जेवण छान झालंय म्हटलं की हो. शेजारणीच्या पोरीला तो मुलगा शोभत नाही म्हटलं की हो. शाल राखाडी आहे म्हटलं की हो.

मी डाव्या डोळ्यानं चहा बघितला. नेहमीचा, माझ्या रंगाचा. ह्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं आणि काल रात्रीपर्यंत मी म्हणत होते की एकानं भागतंय, दुसरा नको, उगाच कापाकापी. खरं कारण मला आज कळलं, म्हणजे काल माहीत नव्हतं आणि आज कारण तयार झालं. हा डोळा माझ्या बाजूचा साक्षीदार होता. ह्याला विचारलं तर हा अजूनही शपथेवर सांगेल की पुठ्ठा पिवळा होता, थेंब्याचा हात जड होता, मी चुकले नाही. तो खोटं बोलत नव्हता, बिचारा. त्याला तसंच दिसत होतं. गुरुवारनंतर असं म्हणणारं जगात कुणी उरणार नाही. मी विचार केला, ठेवावा का हा एक तरी. म्हातारी बाई, किती दिवस जगणार, एक डोळा पिवळा राहिला तर कुणाचं काय बिघडतं. सुनेला म्हणायचं, मला डाव्या डोळ्याचा क्रीम हवा, सातचा, लाव. ती लावेल. ती हो म्हणेल. हेच तर. ती हो म्हणेल.

मी कप ठेवला आणि चपला घातल्या. सून म्हणाली, "आई, उन्हात? चष्मा तरी घाला." म्हटलं, "चष्मा राहू दे." "कुठे चाललात?" म्हटलं, "रंग आणायला." "अहो, रंग आपल्या दुकानात आहे!" मी जिना उतरत होते. वरून रंगारी ओरडला, "आजी, माझी अर्ध्या दिवसाची मजुरी!" म्हटलं, "पुढची बिस्किटं खा!"

मोठ्या रस्त्यावर, बँकेच्या पुढे, रंगांचं नवं, काचा लावलेलं दुकान आहे. थेंब्या तिथे असतो हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. बँकेत जाताना मी पलीकडच्या बाजूनं चालायची आणि सुनेला सांगायची, ह्या बाजूला सावली असते. आज ह्याच बाजूनं चालले. ऊन नव्या डोळ्याला टोचत होतं. फुटपाथ, गाड्या, माणसांचे शर्ट, सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं, कडक, आणि जुन्या डोळ्यानं तेच सगळं मऊ, जुन्या फोटोतलं. दोन्ही उघडे ठेवले की पाय चुकत होते. मी काय बोलायचं ते जुळवत होते. आपलं काय, चूक होते माणसाकडून. हे चालणार नाही, ह्यात मी नाहीच, कुणीतरी माणूस आहे. तुलाही जरा समजून घ्यायला हवं होतं. हे तर मुळीच नाही. झालं गेलं. कुठे गेलं? ते तर बँकेच्या शेजारी टोपी घालून उभं आहे.

टोपी होती. दुकानाच्या नावाची, पुढे चोच असलेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर. तो काउंटरमागे मशीनजवळ उभा होता, बटणं दाबत होता, मशीन आपोआप रंग सोडत होतं, आणि तरी त्याचे ओठ हलत होते. ते मी दारातूनच बघितलं आणि मला परत फिरावंसं वाटलं. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, रोलर घेतलेला एक माणूस आणि एक तरुण जोडपं. मी त्यांच्या मागे उभी राहिले. मला रांगेत उभं राहायची सवय नाही. त्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि खाली घातली. टोपीमुळे तोंड दिसेना. माझी पाळी आली तेव्हा त्यानं जोडप्याचा डबा हलवायच्या यंत्रात ठेवला, दार लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काय देऊ, बाई?"

बाई. यंत्र सुरू झालं. घरघराट असा की काचा थरथरत होत्या. आणि मी बोलले. त्या आवाजातच, नेमकी तेव्हाच, सगळं बोलून टाकलं. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, पण त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर बोलतानाच मला माहीत होतं की जाणार नाही. यंत्र थांबलं. तो म्हणाला, "ऐकू आलं नाही." जोडपं माझ्याकडे बघत होतं. रोलरवाला गेला नव्हता, सुटे पैसे खिशात घालत उभा होता. एका बाजूनं त्या दुकानाचा मालक असावा तो आला, काय झालं म्हणून. मला वाटलं, बरोबर आहे. तेव्हाही चार गिऱ्हाइकं होती.

मी म्हटलं, "पहिला रंग बरोबर होता. अकरा. तुझा हात जड नव्हता, माझे डोळे गेले होते. तू सांगितलंस आणि मी तुला चारचौघांत हाकललं. तुझ्या बायकोला नावं ठेवली. ते सगळं खोटं होतं." रोलरवाला म्हणाला, "कुठला रंग?" म्हटलं, "तुमचा नाही, तुम्ही जा." तो गेला नाही. थेंब्यानं टोपी काढली, काउंटरवर ठेवली. केस पिकले होते. कदाचित चार वर्षांपूर्वीही पिकलेले असतील, मला ते पिवळट दिसले असतील. तो बराच वेळ त्या डब्याच्या झाकणावर अंगठा दाबत राहिला, झाकण आधीच बसलं होतं. मग जोडप्याला डबा दिला, वापरायच्या आधी काठीनं ढवळा असं सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठला डोळा केला?" "उजवा," मी म्हटलं. "डावा कधी?" "गुरुवारी." तो म्हणाला, "करा." बास. राहू दे म्हणाला नाही, मी विसरलो म्हणाला नाही. मी थांबले की काहीतरी म्हणेल. मालक आत गेला. मला तिथून निघावंसं वाटत होतं आणि निघवतही नव्हतं, कारण एवढं बोलूनही आतलं धडधडणं थांबलं नव्हतं. मला वाटलं होतं, बोललं की थांबेल.

मग काउंटर सोडायला काही कारण हवं म्हणून, का न सोडायला, मी म्हटलं, "माझी खोली रंगवायला काढलीय. सूनबाईंना गडद हवाय, निळा राखाडी. मला आपला क्रीम." त्यानं विचारलं, "कुठली भिंत?" म्हटलं, "पलंगामागची. खिडकी त्याच भिंतीत, कोपऱ्यात." "म्हणजे उजेड भिंतीवर पडत नाही." "नाही." "तुम्ही खोलीत कधी असता?" "दुपारनंतर." त्यानं डोळे मिटले, पूर्वी मोठा डबा करायच्या आधी मिटायचा तसे, आणि उघडून सरळ माझ्याकडे बघितलं. "तिथे क्रीम नाही," तो म्हणाला. "सुनेचं बरोबर आहे. क्रीम लावलात तर चुकाल."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. बेचाळीस वर्षं. मालकांनी बसवलेला रंग. तुला माझी खोली माहीत आहे का, तू पाऊल ठेवलंयस का कधी तिथे, बटणं दाबून दाबून अक्कल गहाण पडलीय. शब्द दातांपर्यंत आले, मला त्यांची चव लागली. रोलरवाला भिंतीला टेकून ऐकत होता. आणि मला जाणवलं की चार वर्षांत कुणीतरी मला पहिल्यांदा नाही म्हणालं होतं, आणि ते म्हणताना त्याचा आवाज ना चढला होता ना दबला होता. त्याच्या दृष्टीनं एक भिंत होती, एक खिडकी होती, आणि त्या भिंतीवर काय चालतं आणि काय चालत नाही एवढाच प्रश्न होता. मी काउंटरला दोन्ही हातांनी धरलं.

"का?" मी विचारलं.

हा शब्द माझ्या तोंडातून किती वेगळा निघाला ते मलाच ऐकू आलं. तो थोडा गोंधळला. मग त्यानं काउंटरखालून एक स्टूल काढलं, फडक्यानं पुसलं, माझ्याकडे सरकवलं, आणि मी बसेपर्यंत थांबून सांगायला लागला.